ट्रायथलॉनचं पहिलं वर्ष, मित्रांच्या टोळीसोबत

पहिल्या वर्षी स्प्रिंट अंतर पुरे: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. याच्या दुप्पट असलेलं ऑलिंपिक अंतर वर्षाच्या शेवटाला बघू.

टोळी चार-सहा जणांची बरी. आठवड्यातून एक सराव एकत्र, बाकीचे आपापल्या वेगाने. रोज बरोबर राहिलात तर प्रत्येक सराव शर्यत होतो आणि गुडघे कुरकुरतात.

सायकलवर पुढच्याच्या मागे वारा कमी लागतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी पुढचा बदला. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेऊ नका. घासलं की बहुधा मागचाच पडतो. खड्डा दिसला की हाताने खूण करा. हौशी स्पर्धांत अशी आडोशाची सायकल बहुतेक वेळा चालत नाही, तेव्हा एकट्याने दामटायचीही सवय हवी.

तळ्यात जोडीनेच उतरा. तिथे तरणतलावासारखी तळाला रेघ नसते, त्यामुळे दर सहा-आठ हातांनी मान वर काढून दिशा पाहा.

सायकलवरून उतरताच दहा मिनिटं धावा. पाय ओंडके वाटतील, पहिला किलोमीटर मुद्दाम हळू.

खरी धमाल बदलाच्या, म्हणजे पोहण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जाण्याच्या, सरावात: एकाने घड्याळ धरायचं, बाकीच्यांनी हसायचं. क्रम मात्र पक्का ठेवा. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. उलट केलं तर स्पर्धेत दंड बसतो. बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या लावा, ओल्या बोटांनी गाठ बसत नाही.