लुसलुशीत, जाळीदार की भुसभुशीत? कुठे काय म्हणायचं

नाशकात मिसळ खायला बसलात की पाव हातात घ्या, बोटाने हलकेच दाबा, दबून लगेच परत वर आला की तो लुसलुशीत. आता तोच पाव तोडून आत बघा, बारीक बारीक भोकं दिसतात ना, ते जाळीदार. म्हणजे लुसलुशीत बोटाला कळतं आणि जाळीदार डोळ्याला. म्हणून अनारसा जाळीदार असतो पण लुसलुशीत नाही, तो खुसखुशीत. इडली दोन्ही.

भुसभुशीत मात्र पावाला लावू नका प्लीज, फार खटकतं, तो शब्द द्राक्षबागेतल्या मातीचा, मुठीत दाबलेलं ढेकूळ बोट लावताच मोकळं झालं की माती भुसभुशीत. सच्छिद्र पुस्तकी आहे, विटेला, खडकाला ठीक.