स्विमिंग कॉश्च्युम घेताना या चुका टाळा

कॉश्च्युम घ्यायला गेल्यावर आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात काय काय झाकलं जाईल? मांड्या झाकल्या पाहिजेत, पोट दिसता कामा नये, दंडही झाकले गेले तर सोन्याहून पिवळं. मग दुकानदार सगळ्यात जास्त कापडाचा, काळा, स्कर्टवाला आणि एक साइज मोठा कॉश्च्युम पुढे करतो. तो घालून पाण्याबाहेर आल्यावर बाई आहे त्याहून जाड दिसते.

शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी तलावावर किंवा अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात बायकांच्या बॅचला थोडा वेळ काठावर बसून बघा. नजरेत भरणारी बाई बारीकच असते असं नाही. पन्नाशीतली, भरल्या अंगाची एखादी काकू साध्या निळ्या वन-पीसमध्ये ऐटीत चालत येते आणि छान दिसते, कारण तो तिच्या मापाचा असतो. शेजारी विशीतली बारीक मुलगी सारखी मागून कापड खाली ओढत उभी असते. कॉश्च्युम अंगाला बसला पाहिजे, आणि ओला झाल्यावरही बसलेला राहिला पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

स्कर्टने मांड्या लपतात हा समज

मीनाक्षी शिरोडकर मराठी पडद्यावर स्विमसूटमध्ये दिसल्या त्या १९३८ साली. आपण अजून स्कर्टची लांबी मोजतोय. ज्यांना स्कर्टशिवाय अवघडल्यासारखं होतं त्यांनी तो जरूर घ्यावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण बाजारात मिळणारा फ्रॉकवाला कॉश्च्युम बहुतेक वेळा मांडीच्या सगळ्यात रुंद भागावर येऊन संपतो. जिथे कापड संपतं तिथे नजर थांबते, म्हणजे जे लपवायचं होतं त्यालाच आपण काठ लावून घेतो. पाण्यात उतरलं की तो छत्रीसारखा वर उघडतो, बाहेर आल्यावर मांडीला चिकटतो. पोहायला शिकत असाल तर ब्रेस्टस्ट्रोकची किक मारताना पायात येतो तो वेगळाच. घ्यायचाच असेल तर चुण्या नसलेला, कंबरेवर सपाट बसणारा आणि जांघेखाली दोन-तीन बोटांवर संपणारा घ्या. आत शिवलेली शॉर्ट आहे ना, ते उलटून बघा.

लेगवाल्या सूटचंही तेच. पाय मांडीच्या मधोमध संपला तर इलॅस्टिक रुततं आणि वर मांसाची वळी येते. गुडघ्याच्या जरा वर, जिथे मांडी निमुळती होते तिथे संपणारा लेग-सूट त्याच बाईवर कितीतरी सुबक दिसतो.

आणि ज्यावर कुणाचा विश्वास बसत नाही ते आता सांगते. जाड मांड्यांना थोडा हाय कट शोभतो. पायाची रेषा कमरेच्या हाडाकडे तिरकी चढली की पाय लांब दिसतो; आडवी सरळ गेली की तिथेच मांडीचे दोन तुकडे पडतात. अगदी कमरेपर्यंत चढलेला कट म्हणत नाही मी, मध्यम. ट्रायल रूममध्ये दोन्ही कट एकामागोमाग एक घालून बघा, वाद तिथेच मिटतो.

कुर्त्याच्या साइजवर कॉश्च्युम घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कुर्ता खांद्यावर आणि छातीवर बसला की काम झालं, खाली तो मोकळाच असतो. वन-पीस मात्र खांद्यापासून दोन पायांच्या मधून परत खांद्यापर्यंत जातो. त्यामुळे छाती-कंबर-नितंब या तीन मापांइतकंच धडाच्या लांबीचं माप लागतं, आणि ते आपल्याकडे कुणी घेत नाही.

टेप एका खांद्याच्या मध्यावर धरा. तिथून छातीवरून, पोटावरून खाली, दोन पायांच्या मधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर. एकटीने घेताना टेप सरकते, म्हणून बहिणीला नाहीतर मैत्रिणीला हाताशी घ्या. टेप ओढू नका, सैलही सोडू नका. ऑनलाइन साइज चार्टमध्ये ‘टॉर्सो’ लिहिलेला रकाना असतो तो याच मापाचा. छाती ३६ असलेल्या दोघींपैकी एकीचं हे माप ६० इंच आणि दुसरीचं ६५ इंच असू शकतं. दोघींनी एकच ३६ नंबरचा सूट घेतला तर एकीला तरी तो छळणार.

घरात पडून असलेल्या कॉश्च्युमचं दुखणंही यातूनच कळतं. पट्टे खांद्यात रुतताहेत, गळा खाली ओढला जातोय, मागून कापड सारखं आत जातंय? धड लांब आहे आणि सूट आखूड पडलाय. याचा लठ्ठपणाशी काही संबंध नाही, उंच बारीक मुलींना हा त्रास सर्रास होतो. उलट पोटावर आडव्या घड्या पडत असतील आणि पट्टे खांद्यावरून घसरत असतील तर सूट लांब झालाय. काखेपाशी फट राहत असेल तर वरचं माप मोठं आहे किंवा तो कट तुमच्यासाठी नाही. पाठीवर पट्ट्यांच्या बाजूने मांस वर येत असेल तर बहुधा पाठीचा कट फार अरुंद आहे. एक साइज मोठा आणण्याआधी रुंद पाठीचा बघा.

लांब धडाच्या बायकांसाठी वेगळे सूट मुंबईतल्या दुकानांत सहज मिळत नाहीत. त्यांनी टँकिनी बघावी, म्हणजे वर लांब टॉप आणि खाली वेगळी पँटी. वर ३६ आणि खाली ४० अशी अंगलट असणाऱ्यांचीही यात सोय होते, फक्त दोन्ही भाग वेगवेगळ्या साइजमध्ये विकतात का, हे आधी विचारा. टॉपच्या खालच्या काठाला सिलिकॉनची पट्टी किंवा घट्ट इलॅस्टिक नसेल तर पाण्यात तो वर तरंगतो.

“ताई, थोडा लूज घ्या”

हे वाक्य धोबी तलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांपासून मॉलपर्यंत कुठेही ऐकायला मिळेल. आईही सोबत असली तर तिची भर: “अगं, सैल घे, अंगाला चिकटलेलं बरं दिसत नाही.” दोघांचंही ऐकू नका. कॉश्च्युमच्या कापडात नायलॉन किंवा पॉलिएस्टरबरोबर स्पँडेक्स असतं, ज्याला आपण सगळे लायक्रा म्हणतो (ड्यूपाँट कंपनीने हा धागा १९५८ साली शोधला). ओला झाला की सूट जड होतो आणि थोडा सैलावतो. कोरडा असताना आरामशीर वाटणारा सूट तलावाची शिडी चढताना मागे झोळ घेऊन वर येतो आणि गळ्यातून पाणी आत भरतं.

दुकानात तो किंचित घट्टच वाटला पाहिजे. पट्टा चिमटीत धरून वर उचला. खांद्यापासून इंचभर सुटला तर ठीक, कानाकडे निघाला तर साइज मोठी आहे. मग दोन्ही हात वर करा, वाका, उकिडव्या बसा, परत उभ्या राहा. यातल्या कशानंतरही हाताने काही सारखं करावं लागलं नाही तर सूट तुमचा. ट्रायल अर्थातच आतल्या कपड्यांवरून. त्या कपड्यांमुळे फिटिंगमध्ये जो थोडा फरक पडतो तो धरून चाला.

दुसऱ्या टोकाला जाऊन रेसिंग सूट आणू नका. ते अंग आवळून पाण्यातला वेग वाढवायला असतात. २००९ च्या रोममधल्या जागतिक जलतरण स्पर्धेत अशा सूटांमध्ये ४३ विश्वविक्रम झाले आणि पुढच्याच वर्षापासून पॉलियुरेथेनच्या त्या सूटांवर बंदी आली. सोसायटीच्या पूलमध्ये संध्याकाळी चार फेऱ्या मारायला ते नकोत.

फळांचे तक्ते

अंगाची ठेवण फळांच्या नावांनी सांगणारे पेअर, ॲपल वगैरे तक्ते बघा, पण त्यांच्या आहारी जाऊ नका. बहुतेक अंगलटी दोन-तीन फळांची भेसळ असतात. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती पोट सुटलेली आणि पाय बारीक असलेली ठेवण. तिला पोटावर तिरक्या चुण्या असलेला, व्ही गळ्याचा सूट उत्तम, कारण चुण्यांमध्ये पोटाची गोलाई विरून जाते. कमरेवर बेल्ट नको, तो नेमका पोटावर बसतो. ‘टमी कंट्रोल’चं आतलं जाळीदार अस्तर चांगलं काम करतं, मात्र एक साइज लहान घेतलं तर आत दाबलेलं सगळं पाठीवर वर येतं. नितंब जड असतील तर वर प्रिंट किंवा चौकोनी गळा, खाली गडद साधा रंग. सरळ बांध्याला बाजूने गडद पट्टे आले की कंबर आहे असा भास होतो. खांदे रुंद असतील तर खांद्यावरची झालर आणि बिनपट्ट्याचे सूट टाळावेत. इतकं पुरे.

छातीबद्दल मात्र जरा जास्त बोलायला हवं, कारण तिथे दुकानदार मदत करत नाही आणि आपण विचारत नाही. भारी छातीला गळ्यात बांधायचा हॉल्टर दिसतो छान, पण सगळा भार मानेवर येतो आणि तासाभरात मान धरते. रुंद पट्टे, पट्ट्यांना कमी-जास्त करायची सोय आणि आत छातीखाली घट्ट इलॅस्टिकचा वेगळा आधार हवा. नुसते पॅड म्हणजे आधार नव्हे. बरेच पॅड पाणी शोषतात आणि सरकून भलतीकडे जातात. काढता येणारे असतील तर काढून टाका किंवा चारी बाजूंनी एकेक टाका घालून जागेवर बसवा. छाती लहान असेल तर पॅडपेक्षा गळ्यावरची हलकी झालर जास्त कामाची.

रंग: दुकानात एक, पाण्यात दुसरा

काळा रंग बारीक दाखवतो हे खरं, पण गडद जांभळा, मोरपंखी, बाटली हिरवा हेही तेच काम करतात आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर कितीतरी खुलतात. अंगाच्या रंगाचा फिका सूट ओला झाला की लांबून काहीच घातलं नसल्यासारखं दिसतं. पांढरा, पिवळा, फिका गुलाबी घेण्याआधी कापडात हात घालून ते ताणा आणि आतून मोबाइलचा टॉर्च लावा. बोटं स्पष्ट दिसली तर पाण्यात बाकीचंही दिसणार. अस्तर फक्त पुढे आहे की मागेही, तेही बघा. बऱ्याच सूटांत ते फक्त पुढेच असतं.

कुठे घालणार, याचा विचार न करणं

महापालिकेच्या तलावांवर टोपी लागते आणि सुती कपडे चालत नाहीत. सुती टी-शर्ट किंवा लेगिंग पाणी पिऊन जड होतं आणि त्याचा धागा-धागा फिल्टरमध्ये जातो, त्यामुळे ‘वरून एक टी-शर्ट घालते’ ही सोय तिथे नाही. लाज वाटते त्यांनी पूर्ण बाह्यांचा लायक्राचा सूट घ्यावा, त्यात उन्हापासूनही बचाव होतो.

गोराईच्या वॉटर किंगडमसारख्या ठिकाणी जायचं तर गाठी मारायच्या नाड्या, धातूच्या कड्या, मागची चेन यातलं काही नको. घसरगुंडीवर गाठ सुटते आणि कडी पाठीत रुतते. अलिबाग, मालवण किंवा गोव्यासाठी चुण्या आणि दुहेरी अस्तर कमी असलेला बरा, नाहीतर अस्तरात वाळू साचून मागे वजन लटकतं आणि तुमचं सगळं फिटिंग पाण्यात जातं.

घेऊन झाला, आता बिघडला

पट्टे अर्धा-पाऊण इंच आखूड करून घेता येतात, मागच्या बाजूने. पण गल्लीतल्या टेलरला आधी सांगा की सरळ टीप नको, झिगझॅग मारा. लायक्रा ताणली की सरळ टीप तुटते, तीही नेमकी पाण्यात. कडेने सैल झालेला सूट लहान करून घेणं जमतं. आखूड धडाचा सूट लांब करणं जमत नाही, तो बदलूनच घ्या. म्हणून टॅग आणि आतला हायजीन स्टिकर घरी पूर्ण ट्रायल होईपर्यंत काढू नका. स्टिकर निघाला की बहुतेक दुकानं परत घेत नाहीत.

फिटिंग टिकवायचं तर क्लोरीनपासून सांभाळायला हवं, कारण स्पँडेक्स क्लोरीनने झिजतं. तलावात उतरण्याआधी शॉवरखाली सूट साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, म्हणजे तो तलावाचं पाणी कमी शोषतो. बाहेर आल्यावर लगेच परत साधं पाणी. रोज पोहणाऱ्यांनी लेबलवर पीबीटी (पॉलिएस्टरचाच एक प्रकार) किंवा ‘क्लोरीन रेझिस्टंट’ लिहिलेला सूट बघावा, तो ताणला कमी जातो पण टिकतो बराच. काठावरच्या खरखरीत लाद्यांवर बसताना खाली टॉवेल घ्या, नाहीतर मागे गोळे येतात.

पिळू नका, मशीनमध्ये टाकू नका, उन्हात वाळत घालू नका. मुंबईच्या पावसाळ्यात वाळणं ही वेगळीच कटकट आहे. सूट कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करून हाताने दाबा आणि मग पंख्याखाली टाका. ओला सूट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन लोकलने विरारपर्यंत गेलात आणि तो रात्रभर तसाच पिशवीत राहिला, तर सकाळी बुरशीचा वास येणारच.

कॉश्च्युम केव्हा टाकायचा हे बघायचं तर पट्टे किंवा रंग बघू नका, ते शेवटपर्यंत नवे दिसतात. बसायच्या जागेचं कापड उजेडासमोर धरून ताणा. तिथे लायक्राचे पांढरे धागे डोकावायला लागले किंवा ताणून सोडल्यावर कापड परत जागेवर आलं नाही, तर पुढच्या बॅचआधी नवा आणा.