माश्या रात्री कुठे बसतात ते आधी बघा

आमच्या गोठ्यात तीन गाई. पहिली चार वर्षं मी रोज सकाळी पंप पाठीवर घेऊन फवारायचे आणि दुपारपर्यंत माश्या पुन्हा गाईंच्या डोळ्यांच्या कडांना चिकटलेल्या असायच्या. त्या बिचाऱ्या दिवसभर मान झटकत राहायच्या, ते बघवायचं नाही. एक दिवस पंप ठेवून दिला आणि काडी घेऊन गोठा उकरत फिरले. गळक्या पिंपाशेजारी सांडलेलं खाद्य आणि शेण एकत्र कुजत होतं. वरची खपली उचलली तर खाली अळ्यांचा नुसता वळवळाट. भिंतीलगतच्या कोरड्या मातीत तपकिरी कोष होते.

तुम्हीही काडीपासूनच सुरुवात करा. घरमाशीची मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि अशा खेपा अनेक होतात. उबदार दिवसांत अंडं एका दिवसात फुटतं आणि सात ते दहा दिवसांत नवी माशी उडते. म्हणून ओलं शेण आठवड्यातून दोनदा तरी गोठ्याबाहेर काढायचं; अळीला कोषात जायला वेळच मिळू द्यायचा नाही. ते पातळ पसरून वाळवा, नाहीतर ढीग झाकून आतून चांगला तापू द्या. पिंपाची गळती त्याच दिवशी बंद करा. माझ्याकडे निम्मं काम एवढ्यानेच झालं.

शेणाच्या ढिगावर मात्र कीटकनाशक मारू नका. माशीच्या कोषात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या तिथेच असतात. त्या माणसाला चावत नाहीत आणि आपलं काम फुकट करतात.

उरलेल्या माश्यांसाठी आमिष. माशीच्या पायांवर चव ओळखणारे केस असतात. साखरेवर पाय पडला की सोंड आपोआप खाली येते. तिला चावता येत नाही. ती लाळ सोडून साखर विरघळवते आणि स्पंजासारख्या सोंडेने शोषून घेते, त्यामुळे साखरेत मिसळलेलं विष थेट पोटात जातं. काही आमिषांत मादीच्या अंगचा गंध, ट्रायकोसिन, घातलेला असतो. तो १९७१ साली ओळखला गेला. आमिष जनावरांची जीभ, मुलांचे हात आणि कोंबड्यांची चोच पोचणार नाही अशा जागी ठेवा.

फवारणी सगळ्यात शेवटी, आणि तीही हवेत नाही. रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जा. आमच्याकडे माश्या वाशांच्या खालच्या कडांना, लोंबत्या दोऱ्यांना आणि विजेच्या वायरीला रांगेने बसलेल्या दिसल्या. माश्यांच्या विष्ठेचे काळे ठिपके जिथे दाट, तिथे त्यांचा मुक्काम. दिवसा तेवढ्याच लाकडावर आणि भिंतीवर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, औषध मारा. वायरी सोडून द्या. आधी जनावरं बाहेर बांधा, चारा, पाणी आणि दुधाची भांडी हलवा, हातमोजे आणि मास्क घाला.

माझी सगळ्यात मोठी चूक औषध निवडण्यात होती. डबा बदलला म्हणजे औषध बदललं, असं मी समजत होते. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही नावं वेगळी, पण गट एकच, पायरेथ्रॉइड. सगळी माशीच्या मज्जातंतूंवर एकाच ठिकाणी घाव घालतात. त्यातून वाचलेल्या माश्यांची पिल्लं पुढच्या डब्यालाही दाद देत नाहीत. डीडीटीचंही हेच झालं: त्याला न जुमानणाऱ्या घरमाश्या १९४६-४७ मध्येच युरोपात सापडल्या. तेव्हा डब्यावरचा गट वाचा आणि पुढच्या वेळी खरोखर वेगळा गट घ्या.

फरक पडतोय का, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा त्यांच्या मुक्कामाच्या जागी टाचा आणि आठवड्याने त्यावरचे ठिपके मोजा. शंभराच्या वर गेले तर आधी काडी उचला, पंप नंतर. माझा मागच्या आठवड्याचा पुठ्ठा ३८ ठिपक्यांचा होता, आणि त्यातले बहुतेक पिंपाच्या बाजूचे, म्हणून आज पुन्हा तिथली माती उकरणार आहे.