राजा आला म्हणजे साहेबच, असं नाही

भविष्य बघायच्या टॅरोच्या ७८ पत्त्यांत पेज, नाइट, क्वीन, किंग असे १६ पत्ते माणसांचे. कोणाचा धंदा काय हे ओळखायला हुद्द्याआधी रंग बघा, म्हणजे पत्ता तलवार, पेंटॅकल्स, कप, वाँड्स या चारांपैकी कुठल्या गटातला ते. तलवारीत वकील, सर्जन. पेंटॅकल्समध्ये (म्हणजे नाण्यांत) बँकवाले, बिल्डर. कपात नर्स, समुपदेशक. वाँड्समध्ये (म्हणजे काठ्यांत) सेल्सवाले, धडपडे.

नौपाड्यातल्या मैत्रिणीने नोकरीचं विचारलं, निघाली तलवारीची क्वीन. "सासूबाई!" ती म्हणाली. (हसून पुरेवाट.) पण शेजारी थ्री ऑफ पेंटॅकल्स होता. १९०९च्या रायडर-वेट संचात त्यावर बाकावर उभा कारागीर आणि नकाशा घेऊन त्याच्याशी बोलणारी दोघं दिसतात. म्हणून मी सासू सोडून मुलाखत घेणारी काटेकोर बाई वाचली. क्वीन पुरुषही असू शकतो, बरं का. एकट्या पत्त्यावरून माणूस ठरवू नका, शेजार बघा.