जुन्या पिकअपचं मागचं डिफरन्शियल बदललं

वणीला कापूस नेताना मागून घूं-घूं आवाज यायचा, एक्सिलेटर सोडला की बदलायचा. ड्रेन बोल्ट काढला तर काळ्या तेलात लोखंडाचा चुरा आणि क्राऊनचा (आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा) तुटका दात! भंगारवाल्याकडून अख्खं डिफरन्शियल (इंजिनाचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा संच) आणलं. घेताना दात मोजाच: माझ्या जुन्यात क्राऊनचे ४१, पिनियनचे (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) ११, म्हणजे गुणोत्तर ३.७३; नव्यातही तेच हवं. नुसता क्राऊन कधीच बदलू नका, जोडीनेच घ्या.

गाडी घोडीवर टेकवली, दोन्ही एक्सल बाहेर ओढले, जॉइंट शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, खूण केली, मग जॅकवर डिफरन्शियलचा गोळा उतरवला. एकट्याने धरू नका, बोटं जातात.

खरं कारण ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, असावा. आमच्या काळ्या मातीचा चिखल वाळून पक्का बसला होता. हवा कोंडली की सीलमधून तेल गळतं, मग दात कोरडे घासतात. तो तारेने मोकळा केला, सील नवे टाकले, ९० नंबरचं गिअर तेल फिलरच्या (तेल भरायच्या भोकाच्या) काठापर्यंत भरलं. आवाज गेला.