बहुराष्ट्रीय कंपनीला माल देताय? बिल अडकू नये म्हणून

शिरवळ, खंडाळ्यात परदेशी कंपन्या आल्या की सातारा-कुपवाडच्या लहान वर्कशॉपला काम मिळतं. पण पैसे ९० दिवसांनी आले, तर कंपनीचा व्यवसाय आपल्या कॅश क्रेडिटच्या (बँकेच्या खेळत्या भांडवली कर्जाच्या) व्याजावर चालतो. हे रोखता येतं.

पहिलं डिलिव्हरी चलन (मालासोबत जाणारा कागद) फाडण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. माल गेल्यावर केलेली नोंदणी त्या मालाला उपयोगी पडत नाही, इथंच बहुतेक जण अडकतात. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

पर्चेस ऑर्डरमधल्या मुदतीच्या अटी नीट वाचा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. ९० दिवसांची अट छापली म्हणून ती मुदत वाढत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीनं.

माल नाकारायचा तर कंपनीनं १५ दिवसांत लेखी कळवायला हवं. म्हणून चलनावर गेटचा शिक्का, तारीख आणि सही घ्याच. ती नसेल तर दिवस कुठून मोजायचे यावरच वाद होतो.

तरी पैसे थकले, तर आधी अकाउंट्स विभागाला आयकर कायद्यातल्या तरतुदीची (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) आठवण लेखी द्या: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. मार्चअखेरीस हे पत्र चांगलं काम करतं. नंतर थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी एमएसएमई पोर्टलवर अर्ज.