घरच्या दुर्बिणीतून ग्रहांची निकट युती कशी पाहावी

संध्याकाळची युती, म्हणजे दोन ग्रह आकाशात अगदी जवळजवळ दिसणे, कोल्हापुरातून पाहायची असेल, तर पश्चिम क्षितिज मोकळे असलेली जागा आधीच हेरून ठेवावी. रंकाळा तलावाचा काठ कितीही रम्य असला, तरी तिथल्या दिव्यांचा त्रास होतो. गच्चीवर तापलेल्या स्लॅबची ऊब प्रतिमा थरथरवते, म्हणून मोकळे परस असेल तर तेच उत्तम. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी आणि सूर्य पूर्ण मावळेपर्यंत ती पश्चिमेकडे वळवू नये, कारण भिंगातून क्षणभर दिसलेला सूर्यही डोळा कायमचा निकामी करू शकतो.

खरा प्रश्न नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, निवडीचा असतो. ९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (मुख्य भिंग किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ३६ पट वर्धन मिळते आणि साध्या नेत्रिकेत सुमारे १.४ अंशांचे आकाश मावते. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी अवघ्या ०.१ अंशावर आले होते, तेव्हा १० मिलिमीटरच्या नेत्रिकेतही दोघे सहज एकत्र मावत होते. अंतर एक अंशाच्या पुढे असेल, तर मात्र वर्धनाचा मोह आवरावा.

शुक्र अंधार पडण्याआधीच पाहावा, कारण काळ्या आकाशात त्याच्या झगमगाटापुढे कला, म्हणजे चंद्रासारखा बदलता आकार, नीट उमटत नाही. गुरूचे पट्टे आणि चार मोठे चंद्र त्यानंतर, सावकाश पाहावेत. न्यूटनी, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत दृश्य उलटे दिसते, हे रेखाटन करताना ध्यानात ठेवावे.